छातीत उतरलेली पाहुणी गाठ

बायकांना पाच तास एका जागी बसवायचं असेल तर दोनच उपाय आहेत. एक, लग्नात पंगत उशिरा बसवायची. दुसरा, हाताला सलाईन लावायची. सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात चौथ्या मजल्यावर केमोची खोली आहे, सहा आरामखुर्च्यांची. तिथं दुसरा उपाय करतात. दर एकवीस दिवसांनी माझा नंबर. पहिल्या तासात एकमेकींची दुखणी विचारून होतात, दुसऱ्या तासात मोबाईलची बॅटरी संपते आणि तिसऱ्या तासापासून किस्से सुरू. सुई हातात, तोंड मोकळं!

सहा खेपांत माझ्याकडं इतके साठले की नवऱ्याला फोनवर सांगायला घेतले तर निम्म्यात त्याचं नेटवर्क जातं. तो मिलिटरीत आहे, लांब डोंगरात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावेत. माझं शिक्षण सातवी. हस्ताक्षर चांगलं, बाकी सगळं बेताचं. आणि आधीच सांगते, ह्या किश्श्यांत येडं कोण ते शोधत बसू नका. मीच!

* * *

सुरुवात कोबीपासून झाली.

ईश्वरी माझी पोरगी. तेव्हा चौदा महिन्यांची होती, अंगावर पीत होती. मला उजव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती, काही नव्हती, नुसती होती. पाजणाऱ्या बाईला गाठ म्हणजे दूध साकळलं, हे आमच्या रहिमतपूरच्या बाजूला कुणीही सांगेल. मला सगळ्यांनी सांगितलं. सासूबाईंनी एरंडाचं पान गरम करून बांधलं. शेजारच्या वैनींनी मिठाच्या पुरचुंडीनं शेकायला लावलं. माझ्या जावेनं मोबाईलवर बघितलं आणि म्हणाली, "गार कोबीचं पान आत ठिवायचं वैनी. गाठ इरघळती."

झालं! रोज सकाळी फ्रीजमधला गड्डा काढायचा, एक पान भाजीला, एक मला.

एक दिवस तशीच बचत गटाच्या मीटिंगला गेले. सही करायला रजिस्टरवर वाकले आणि पान घसरून बरोबर माझ्या नावावर पडलं. हिरवंगार. वीस बायकांच्या देखत. आमच्या अध्यक्षीण काकूंनी चष्मा वर केला, पान बघितलं, मला बघितलं.

"पूनम, भाजी घरी ठिवून यायची व्हती गं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पान उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं आणि सही केली. लाजण्यापेक्षा मला कोबी वाया जायची काळजी जास्त.

तीन महिने मी त्या गाठीला कोबी खाऊ घातला. लिंबाची मोसंबी झाली!

* * *

मग सांगली. सुई घालून तुकडा काढला, तपासायला दिला. आठ-दहा दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. शांत माणूस. बोलता बोलता टेबलावर पेन उभं करायचा प्रयत्न करत असतात, ते कधी उभं राहत नाही.

ते म्हणाले, "हा कॅन्सर आहे, पण स्तनाचा नेहमीचा नाही. ह्याला लिम्फोमा म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आजार आहे. बहुतेक वेळा मानेत, काखेत गाठी येतात. तुमची छातीत आली. दुर्मिळ आहे."

माझ्या मनात एकच गोष्ट. माझ्या पोरीला होईल का? चौदा अधिक तीन, सतरा महिने पाजलंय मी तिला. त्याच बाजूनंसुद्धा. हे विचारायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं?

"दुर्मिळ म्हंजी चांगलं का वाईट?"

"म्हणजे क्वचित होणारं."

"म्हंजी चांगलं?"

डॉक्टरांनी पेन आडवं ठेवलं.

बाहेर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना सांगितलं तशा दोन मिनिटं रडल्या, मग डोळे पुसून नणंदेला फोन लावला. "व्हय, कॅन्सरच. पन साधा न्हाई झालेला, दुर्मिळ हाय." संध्याकाळपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं की आमच्या घरात दुर्मिळ आलंय. लोक बघायला आले ते अशा तोंडानं की नवीन ट्रॅक्टर आणलाय.

आणि खोटं कशाला बोलू? मलाही पाच मिनिटं जरा बरं वाटलं. शाळेत माझा कशातच कधी नंबर आला नव्हता.

* * *

केमोच्या खोलीतला पहिला दिवस. खिडकीजवळच्या खुर्चीत शालन काकू. शिराळ्याच्या. पन्नाशी उलटलेली, डोक्याला पिवळा रुमाल, डावी बाजू ऑपरेशनमध्ये काढलेली. त्या खोलीच्या पाटलीण. नवीन बाई आली की मुलाखत त्या घेतात.

"कुठली गं तू?"

"रहिमतपूरकडची."

"काढली का ठिवली?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "ठिवलीय. काढायची गरज न्हाई म्हनले. माझा छातीत हाय, पन छातीचा न्हाई."

काकूंनी मान वळवून नीट बघितलं. "छातीत हाय पन छातीचा न्हाई? मग काय पाहुना आलाय?"

"व्हय. तसंच कायतरी."

"मग चहा पाज त्याला आन लाव वाटंला!"

तेवढ्यात सिस्टर आल्या. हातात जाड सिरींज, आत लालभडक औषध. ते सावकाश माझ्या नळीत सोडायला लागल्या. काकू म्हणाल्या, "ह्यो बघ, आला पाहुन्याचा चहा. बिनदुधाचा!"

तेव्हापासून त्या खोलीत माझ्या गाठीचं नाव पाहुणा. सिस्टरसुद्धा विचारायच्या, "पाहुणा बारीक झाला का?"

पण मला अवघडल्यासारखं व्हायचं. बाकीच्या पाचजणींचं एकेक गेलेलं, आणि मी मात्र धडधाकट येऊन त्यांच्या ओळीत बसलेली. रांगेत मागनं येऊन वशिल्यानं पुढं उभं राहिल्यासारखं. पदर दोन-दोन वेळा लपेटून घ्यायची. काकूंनी ते ओळखलं. म्हणाल्या, "झाकतीस काय एवढं? आमचं गेलं म्हनून तुझं बी जाया पायजे असं कुठं हाय? बस नीट. पाय वर घे."

* * *

आता आण्णांचा किस्सा. आण्णा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं डेअरीला दूध घालतात. आमच्या घरात सासरे सुनेशी थेट बोलत नाहीत. पाणी पाहिजे असेल तर ते भिंतीला सांगतात, "कोन हाय का घरात? पानी द्या." मी दोन हातांवर उभी असते. मी पाणी देते. ते भिंतीकडं बघून पितात.

डॉक्टर म्हणाले, गाठीच्या तुकड्याची मुंबईला आणखी एक तपासणी करायची. जनुकांची. गाठीतल्या पेशींमध्ये काही जनुकं तुटून भलत्या जागी चिकटलेली असतात. त्यातली ठराविक दोन एकदम तुटली असतील तर हे औषध पुरत नाही, जास्त कडक द्यावं लागतं, ॲडमिट व्हावं लागतं. सांगलीतल्या लॅबमधून तो तुकडा घ्यायचा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला मुंबईच्या लॅबचं सेंटर आहे तिथं पोचवायचा, एवढंच काम. आण्णा म्हणाले, "मी जातो."

आण्णांच्या हिशेबानं अंगातनं निघालेली कुठलीही वस्तू उन्हात नासते. दुधाचा तोच नियम आहे. त्यांनी घरनं दुधाची किटली धुऊन आणली, तिच्यात बर्फ भरला, बर्फात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत डबी, डबीत माझा तुकडा. रिक्षात किटली मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरला म्हणाले, "खड्डं चुकवून घे बाबा, हालता कामा न्हाई."

सेंटरवरच्या माणसानं किटली उघडली आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, हा तुकडा मेणात बसवलेला आहे! ह्याला काही होत नाही. नुसता शर्टाच्या खिशात टाकून आणायचा होता."

आण्णा ताठ उभे राहिले.

"खिशात? सून हाय माझी! खिशात घालू व्हय?"

* * *

ही जनुकांची भानगड मला काही केल्या कळेना. डॉक्टरांनी कागदावर आळ्यांसारखं काहीतरी काढून दाखवलं. मी सगळ्याला मान हलवली. सातवीच्या विज्ञानातलं मला एकच आठवतं, कांद्याची पात आणि तिच्यातल्या पेशी, तीही शेजारणीच्या वहीतली बघून काढलेली.

पण मी ब्लाऊज शिवते. माझं डोकं मशीनवर बसल्यावर चालतं. दोन दिवस विचार केला आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना म्हटलं, "सायेब, असं हाय का बघा. प्रत्येक पेशीत मापाची वही असती. कुठं किती वाढायचं, कुठं टाका बंद करायचा. माझ्या एका पेशीत चिठ्ठ्या फाटल्या आन उलट्यापालट्या चिकटल्या. 'वाढवा' लिवलेली चिठ्ठी जाऊन पडली रोजच्या कामाच्या पानावर. आता शिंपीन थांबतच न्हाई. मापच संपंना. टीप मारत सुटलीय."

डॉक्टरांच्या हातातलं पेन पडलं. "हे मी इतरांना सांगू का?"

"सांगा की!" मला तर आकाश ठेंगणं झालं. सातवी पास बाईकडनं डॉक्टर शिकले!

पंधरा-वीस दिवसांनी बाहेर बाकावर बसले होते, तर आतून डॉक्टरांचा आवाज. माझी मापाची वही, माझ्या चिठ्ठ्या, माझी शिंपीण, सगळं तस्सं. मी शेजारच्या बाईला कोपर मारून सांगितलं, "माझं हाय हे!" तेवढ्यात आतल्या पेशंटचा आवाज आला.

"सायेब, मी ट्रक चालवतो. शिवणाटिपणातलं मला कळत न्हाई. गाडीतलं कायतरी सांगा."

* * *

पण त्या वहीनं माझीच झोप उडवली. वही फाटली म्हणते मी, आणि पोरीला मापं कुणाच्या वहीतनं उतरवून दिली? माझ्याच ना! रोज ईश्वरीला आंघोळ घालताना तिचं अंग चाचपायचे. मान, काख, मांडी. पोरीला वाटायचं गुदगुल्या करते. ती खिदळायची आणि मी घाबरायची.

ठरवलं, आता विचारायचंच. विसरू नये म्हणून डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला पेनानं लिहिलं, 'पोरीला होईल का'. खुर्चीत बसले. सिस्टरनी शीर शोधली आणि बरोबर त्या अक्षरांवर सुई टोचून पांढरी चिकटपट्टी लावून टाकली.

डॉक्टर राऊंडला आले. "काही विचारायचंय?"

मी पट्टीकडं बघितलं. डॉक्टरांकडं बघितलं.

"भात चालंल का?"

"चालेल."

हे एकदा नाही. त्याच दिवशी जाताना पुन्हा थांबले, "अजून काही?" मी म्हटलं, "रात्रीचा भात?" पुढच्या खेपेला हिय्या करून तोंड उघडलं तर निघालं, "आन इंद्रायनी तांदूळ?" डॉक्टरांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. तासाभरात आहाराच्या मॅडम हजर. माझ्यापुढं स्टूल घेऊन बसल्या आणि पाऊण तास भात ह्या विषयावर बोलल्या. किती, कधी, कशाबरोबर. तक्ता काढून दिला. सगळ्या खोलीनं ऐकलं. कोपऱ्यातल्या एका मावशींनी तर "आन आमची बाजरी?" म्हणून विषय वाढवला.

मॅडम गेल्यावर शालन काकू म्हणाल्या, "तुला भाताचं इचारायचं नव्हतंच. काय हाय मनात?"

मी सांगितलं. काकूंनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "माझ्या दोगी लेकींना बोलवून घेतलंय तपासायला. माझ्यासारखा घरान्यातनं येऊ शकतो म्हनले."

मी माझंच रडगाणं घेऊन बसलेली.

काकू माझ्याकडं वळल्या. "पन तुझा पाहुना हाय की गं. पाहुना कवा वारस लावतोय व्हय? इचार डॉक्टरला. भात कुठं पळून चालला न्हाई."

तरी मी विचारलं नाही. विचारलं आणि 'हो' म्हणाले तर? भाताचं उत्तर कसंही आलं तरी चालतं.

* * *

केमोनंतर पाच दिवस गोळ्या असतात. सिस्टर म्हणाल्या होत्या, "ह्या गोळ्यांनी जरा उत्साह वाटेल." जरा? पहिल्या दिवशी मी सगळे डबे घासले. दुसऱ्या दिवशी माळा काढला. सासूबाई म्हणाल्या, "सुनंला औषद लागू पडलं!" तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आठ ब्लाऊज शिवले. जन्मात कधी आठ शिवले नव्हते.

सहाव्या दिवशी गोळ्या संपल्या आणि मी आडवी झाले. सातव्या दिवशी पहिली गिऱ्हाईक ब्लाऊज घेऊन परत. हुकाची पट्टी पाठीवर, पाठीचा गळा पुढं.

"वैनी, मी घालते," ती म्हणाली, "पन मग मला गावातनं उलटं चालाय लागंल!"

आठही तसेच होते.

* * *

केस गेले त्याचं मला फार वाटलं नाही. खरी पंचाईत पदराची झाली. आण्णा समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, ही पाच वर्षांची सवय. पण केसांशिवाय पदर डोक्यावर राहतच नाही, हे कुणी सांगितलं होतं? घेतला की सर्रकन खाली. पुन्हा घेतला, पुन्हा खाली. आण्णा बिचारे भिंतीकडं बघत उभे, आणि मी त्यांच्यासमोर टोपी घसरलेल्या हवालदारासारखी.

डोकं चालवलं. सगळ्या साड्यांच्या पदराला आतून इलॅस्टिक शिवलं. डोक्याला गच्च बसलं! दोन दिवस मी घरभर तोऱ्यात. तिसऱ्या दिवशी अंगणात वाकून कपडे पिळताना पदराचं टोक पायाखाली आलं, मी सरळ झाले, इलॅस्टिक ताणलं आणि सुटलं ते असं, की पदर उडून थेट तारेवर जाऊन बसला.

आण्णा दारातच. त्यांनी आधी तार बघितली, मग भिंत.

"कोन हाय का घरात?" म्हणाले. "सूनबाईला म्हनावं, माझ्यापायी डोकं आवळून घिऊ नका."

तेवढ्यात ईश्वरी धावत आली. तिनं मला उघड्या डोक्यानं पहिल्यांदाच बघितलं. मला वाटलं, आता पोरगी भिऊन रडणार. तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, दोनदा फिरवला आणि टाळ्या पिटून ओरडली, "बाबा आला!"

नवरा सुट्टीवर येतो तेव्हा मिलिटरी कटिंग करूनच येतो. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्याला सांगितलं तर म्हणाला, "बघू?" मी रुमाल काढला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाला, "पूनम, माझ्यापेक्षा तुझा कट चांगला बसलाय."

* * *

शेवटचा सांगते. हा तिसऱ्या खेपेचा.

त्याच्या आधीच्या खेपेला एक शिकाऊ डॉक्टरीण फाईल भरत होती. तिनं विचारलं, "घराण्यात कुणाला असा आजार होता का?" मी म्हटलं माहीत नाही. ती 'माहीत नाही' लिहून गेली. आण्णा दारात उभे होते, त्यांनी ऐकलं.

तिसऱ्या खेपेला मी सासूबाईंबरोबर रेल्वेनं आले. आण्णा म्हणाले होते, "मी मागनं येतो." सुई लागली, थेंब सुरू झाले, आणि दारात आण्णा. त्यांच्या मागं पांढऱ्या पटक्याचा एक म्हातारा, खांद्याला भलीमोठी झोळी. मी बघतच राहिले. आमचा हेळवी!

हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या लिहून ठेवणारा. वर्षातनं एकदा सुगीनंतर आमच्याकडं येतो, ओट्यावर बसून जुन्या पिढीपासून नावं म्हणून दाखवतो, वर्षात कोण जन्मलं, कोण गेलं ते वहीत लिहितो आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातो. आण्णांनी दोन दिवस फिरून त्याला पार जतच्या पलीकडनं, कर्नाटकाच्या शिवेवरनं शोधून आणला होता.

सिस्टरनी अडवलं. "इथं फक्त नातेवाईक. हे कोण?"

"नातेवाईक," आण्णा म्हणाले.

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

सिस्टर विचार करेपर्यंत हेळवी खाली मांडी घालून बसलासुद्धा. कापड सोडलं, जाड वही काढली आणि सूर लावला. मूळ पुरुष अमका, त्याचे पुत्र तीन. थोरला पटकीत गेला. मधला लढाईवर गेला. धाकटा विहिरीवर गेला. त्याचे पुत्र दोन. एक साप चावून, एक म्हातारपणानं. एका माणसाला एक ओळ. जन्मला, पुत्र इतके, अमक्यानं गेला, पुढचा! सलाईनच्या थेंबाबरोबर एकेक पूर्वज पडत होता.

शालन काकूंनी मध्येच विचारलं, "आन बायका कुठं हायत वो?"

"लेकी कुठं दिल्या ते हाय की," हेळवी म्हणाला. "सुना न्हाईत. त्या त्यांच्या म्हायेरच्या वहीत."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. आण्णा पुढं झाले. हात जोडलेले.

"सायेब, तुमच्या बाईनी इचारलं घरान्यात कुनाला व्हतं का. चौदा पिढ्या आनल्यात. पटकी हाय, प्लेग हाय, साप हाय. ह्यो आजार एकालाबी न्हाई. तपासून घ्या."

डॉक्टर वहीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आजोबा, पण ही तुमच्या घराण्याची वही. पूनमचं रक्त त्यांच्या माहेरचं ना?"

काकूंनी तोंडात रुमाल कोंबला. आण्णांचा चेहरा उतरला. चौदा पिढ्या चुकीच्या! दोन दिवस फिरलेला माणूस. त्यांनी हेळव्याच्या झोळीला हात घातला.

"मग हिच्या म्हायेरचा हेळवी आनतो. जातो आत्ता."

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. "कुणालाच आणू नका. मुंबईचा रिपोर्ट आलाय."

मी खुर्चीचे हात धरले.

"दोन चिठ्ठ्यांचं भय होतं, त्यातली एकच फाटलीय," डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले. "औषध हेच पुरेल."

सासूबाईंनी हात जोडले. पण आण्णा जागचे हलले नाहीत. खाली फरशीकडं बघत म्हणाले, "सायेब, माझं एकच इचारायचं हाय. ह्यासाठनंच ही वही आनली. माझ्या नातीला व्हनार का?"

माझा प्रश्न! जो मी हातावर लिहिला, गिळला आणि वर भात खाल्ला, तो त्या माणसानं दोन दिवस गावोगाव फिरवला होता.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ही मोडतोड जन्मापासूनची नाही. नंतर एका पेशीत झाली आणि तिच्यापासून ही गाठ वाढली. फक्त त्या गाठीतच आहे. पूनमनं मुलीला दिलेली वही चांगली आहे. आणि दुधातून हा आजार जात नाही."

मी अशी रडायला लागले की सिस्टर पळत आल्या आणि सुई दुखतेय समजून त्यांनी थेंब कमी केले. माझी सलाईन त्या दिवशी दीड तास लांबली.

डॉक्टर गेले. हेळवी वही बांधायला लागला, मग थांबला. "आलोच हाय तर नोंद करून घेतो. ह्या घरची नवी लेक राहिलीय." त्यानं ईश्वरीचं नाव लिहिलं.

काकू खिडकीजवळनं म्हणाल्या, "आन तिच्या आईचं?"

हेळव्यानं आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "लिव."

त्यानं माझं नाव लिहिलं. चौदा पिढ्यांच्या वहीत पहिली सून. शाई वाळायला फुंकर घातली आणि सवयीनं विचारलं, "नावाफुडं जागा सोडायची असती. कोन कवा गेलं, कशानं गेलं, ते फुडं लिवायला. मान्साला एक ओळ लई व्हती. किती सोडू?"

आण्णांनी मान वर केली. भिंतीकडं नाही, दाराकडं नाही, पाच वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं.

"दोन पानं सोड," म्हणाले.